पॉझिटिव्ह राहा म्हणणाऱ्यांनो, आधी तिकीट काढा

आज जरा भांडायला आले आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आपल्याकडे कुणाची मुलगी किंवा मुलगा ॲक्टिंगसाठी मुंबईला गेला की सगळे एकच आशीर्वाद देतात. "पॉझिटिव्ह राहा." इंदूरची मावशी म्हणते, बडोद्याचे काका म्हणतात, बेळगावच्या जाऊबाई फोनवर म्हणतात. काम नाही मिळालं तर पुन्हा तेच, फक्त जरा हळू आवाजात. हेतू चांगला असतो, त्याबद्दल शंकाच नाही. पण हे वाक्य मी चौदा वर्षं ऐकते आहे आणि त्याने आपल्या पोरांचं नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे. आता कसं ते ऐका.

मी इंदूरची. रामबागेत वाढले, आता अंधेरीत राहते. मालिकेतली नर्स, जाहिरातीतली शेजारीण, हिरोची वहिनी, वेब सिरीजमध्ये पोलीस चौकीत रडणारी आई, असली कामं करते. तुम्ही मला पाहिलं असेल, नाव आठवणार नाही. त्याचं काही नाही, घर याच्यावरच चालतं.

ऑडिशन म्हणजे नक्की काय, हे आपल्या घरांना माहीतच नसतं. आपली घरं नोकरदारांची. पणजोबा होळकर दरबारात कारकून, आजोबा शाळामास्तर, वडील बँकेत नाहीतर विद्युत मंडळात. आपल्याला अर्ज कळतो, लेखी परीक्षा कळते, मुलाखत कळते आणि भिंतीवर लागलेली यादी कळते. यादीत नाव नाही म्हणजे अभ्यास कमी पडला. हाच हिशेब आपण ऑडिशनला लावतो. म्हणून फोन आला की पहिला प्रश्न, "काय गं, लागला का रिझल्ट?"

अहो, रिझल्ट लागतच नाही. वर्सोव्याला आराम नगर म्हणून जुन्या बैठ्या घरांची वस्ती आहे, तिथे कास्टिंगवाल्यांची ऑफिसं दाटीवाटीने आहेत. सकाळी व्हॉट्सॲपवर ब्रीफ येतं. मराठी लेडी, पस्तीस ते चाळीस, हाऊसवाइफ लुक, साडी साथ में लाना. आपण साडी नेसून, दोन पानं पाठ करून, रिक्षाने जातो. दाराशी नाव, वय, उंची, फोन नंबर लिहायचा. आतून एक पोरगा मान बाहेर काढतो, तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, "मॅडम, नॉट फिट." बस. दोन पानं तशीच घेऊन परत. नवीन पोरं तर दिवसभर एका दारातून दुसऱ्या दारात हेच ऐकत फिरतात.

आत घेतलं तर कॅमेऱ्यासमोर उभं राहून नाव-गाव-उंची सांगायची, डावी बाजू दाखवायची, उजवी बाजू दाखवायची. जाहिरात असेल तर हातसुद्धा, पुढून-मागून. समोरच्या पात्राच्या ओळी वाचणारा मुलगा सकाळपासून तेच वाचून कंटाळलेला असतो. तो भाजीची यादी वाचावी तसं "माँ, मैं घर छोड़के जा रहा हूँ" म्हणतो आणि आपण त्यावर रडायचं. दोन मिनिटं. मग "थँक्यू, कळवू." आणि कळवत नाहीत. काम मिळालं तर फोन येतो, नाही मिळालं तर काहीच येत नाही. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले, मग एक दिवस टीव्हीवर तीच साडी, तीच वाक्यं, दुसरीच बाई. हा रिझल्ट.

आणि ती दुसरी का, मी का नाही? कास्टिंगवाला चार-पाच नावं पुढे पाठवतो. मग दिग्दर्शक बघतो, मग चॅनेल किंवा जाहिरात एजन्सी, मग ज्याचा साबण आहे तो मालक. आईच्या भूमिकेला मला सगळ्यांनी पसंत केलेलं असतं, तेवढ्यात मुलगी म्हणून दुसरीच ठरते. तिचं नाक माझ्या नाकाशी जुळत नाही, की आई बदलली. हिरो बुटका असेल तर उंच वहिनी नको. कुणी म्हणतं, या बाईंना तर परवा दुसऱ्या तेलाच्या जाहिरातीत पाहिलं. कधी अख्खं शूटिंगच रद्द. यातलं एकही कारण माझ्या मनाच्या अवस्थेशी संबंधित नाही. मी पॉझिटिव्ह राहिले तर उंची दोन इंच कमी होणार आहे का?

मी एक वही ठेवते. गेल्या वर्षीच्या वहीत सेल्फ-टेप धरून ११२ नोंदी आहेत. त्यातून कामं आली ९. आमच्या धंद्यातल्या बायका हे ऐकून "अरे वा, चांगलं आहे" म्हणतात. आमच्या घरी ऐकलं तर आई उपास धरेल. आणि गंमत अशी की त्या नवांतली निम्मी कामं मी थकलेली, वैतागलेली, रिक्षावाल्याशी भांडून आत गेलेली असताना मिळाली. पोलीस चौकीतली रडणारी आई तर तशीच मिळाली. ती बाई हसतमुख असून चालणारच नव्हतं.

आता नुकसान कसं होतं ते बघा. "पॉझिटिव्ह राहा" म्हटलं की काम न मिळणं ही पोराच्या स्वभावाची गोष्ट होते. जणू काही ते मनातून हरलं म्हणून हरलं. मग ते घरी खरं सांगणं बंद करतं. दिवाळीत आलेली पोरं बघा कशी बोलतात. "दोन प्रोजेक्टचं चालू आहे." "एका ठिकाणी शॉर्टलिस्ट आहे." शॉर्टलिस्ट हा शब्द आपल्या घरांत आता 'स्थळ चालू आहे'सारखा वापरला जातो, काहीच झालं नाही हे सांगायची सोय म्हणून. ज्या घरात "नाही मिळालं, आणि मला राग आलाय" असं साध्या आवाजात म्हणता येत नाही, त्या घराचा पोराला काय आधार?

दुसरं म्हणजे हाच शब्द धंद्यातले लोकही वापरतात, आणि ते तुमच्याइतके भाबडे नाहीत. एका निर्मिती संस्थेने माझ्या चार तारखा अडवून ठेवल्या. त्या तारखांना मी दुसरं काम घेतलं नाही. आदल्या रात्री शूटिंग पुढे गेलं, मग माझी भूमिकाच गेली. पैशाचं विचारलं तर को-ऑर्डिनेटर म्हणाला, "दीदी, निगेटिव्ह मत होइए, आगे बहुत काम है." बघा, हक्काचं मागितलं की आपण निगेटिव्ह. मालिकेचे पैसे शूटिंगनंतर नव्वद दिवसांनी देण्याची पद्धत आहे, हे किती पालकांना माहीत आहे? मुलगी जूनमध्ये काम करते आणि पैसे सप्टेंबरात बघते, मधलं भाडं कोण देतं? त्या तीन महिन्यांत तिला सुविचार पाठवण्यापेक्षा गहू-तांदूळ पाठवा, खरंच सांगते.

आणि हे तर पाटीवर लिहून ठेवा. खऱ्या ऑडिशनला पैसे लागत नाहीत. रजिस्ट्रेशन, आर्टिस्ट कार्ड, आमच्याकडूनच फोटो काढा असं पॅकेज, कुठल्याही नावाने पैसे मागितले की समजा तिथे काम नाही. आपल्याकडच्या पोरांना हे लोक बरोबर हेरतात, कारण आपण बाहेरगावचे, सभ्य, आणि "मोठ्या माणसांना उलट विचारू नये" असं वाढलेले. पैसे भरायच्या आधी शंका घेणाऱ्या पोराला बापाने "तू नको ना निगेटिव्ह विचार करूस" म्हटलेलं मी स्वतः ऐकलं आहे. त्या शंकेने त्यांचे पैसे वाचले असते.

भाषेचंही बोलते, कारण ते दुःख फक्त आपलं आहे, पुण्याच्या पोरांना ते नाही. मराठी मालिकेच्या ऑडिशनला गेले की ऐकावं लागतं, "छान करता हो, पण मराठी जरा हिंदी वाटते." मी "तिला आवाज दिला" म्हणते, त्यांना "हाक मारली" हवं असतं. तीन पिढ्या माळव्यात राहून घरात मराठी टिकवली, आणि तिथे जाऊन कळतं की ती मराठी चालत नाही. मग हिंदीच्या ऑडिशनला जावं तर "थोडा मराठी टच है, मॅडम". आणि मराठी टचची भूमिका म्हणजे काय, तर कामवाली बाई. तिनेही दर दुसऱ्या वाक्याला "अगं बाई" म्हणायचं. कामवालीचं पात्र वाईट नाही, चांगलं लिहिलं तर सोनं आहे, पण लिहितं कोण? बेळगावच्या मुलांच्या बोलण्यात कानडी सूर निघतो, गोव्याच्यात कोंकणी, बडोद्याच्यात गुजराती. प्रत्येकाला कुणीतरी एकदा सांगितलेलं असतं की हे काढून टाक.

मी काढलं नाही. शिकले मात्र. पुण्याची मराठी हवी तर ती करते, माळव्याची हिंदी हवी तर ती करते, आणि डबिंगमध्ये दोन्हीचे पैसे घेते. दोन भाषांचा कान ही आपल्या घरांनी दिलेली मिळकत आहे. "शुद्ध बोल गं जरा" म्हणून तिची लाज वाटायला लावणारेही आपल्याच घरातले, आणि ऑडिशनच्या दिवशी पॉझिटिव्ह राहा म्हणणारेही तेच.

मग उमेद येते कुठून? काम करण्यातून येते, दुसरीकडून कुठूनही नाही. दोन महिने ज्याने एकही पात्र केलं नाही, तो नट ऑडिशनला भुकेला जातो. त्याच्या डोळ्यांत "मला घ्या हो" दिसतं, आणि कॅमेरा ते लपवत नाही. रविवारी ज्याने पन्नास माणसांसमोर का होईना एक अंक केलाय, तो सोमवारी हलका होऊन जातो. काम मिळालं तर ठीक, नाहीतर पुढचा रविवार आहेच. हा मनावर ताबा वगैरे काही नाही. पोट भरलेलं माणूस जेवणाच्या पंगतीत जसं बसतं, तसं आहे.

आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांचं बघा. अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे गुर्लहोसूरचे, म्हणजे आजच्या बेळगाव जिल्ह्यातले. १८८० मध्ये त्यांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' उभं केलं. ज्यांच्या गाण्यावर लोक वेडे झाले ते भाऊराव कोल्हटकर बडोद्याचे. दीनानाथ मंगेशकर गोव्याच्या मंगेशीचे, १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी काढणाऱ्यांतले. सगळे आपल्या बाजूचे, सीमेवरचे नाहीतर सीमेपलीकडचे. हे आपण समारंभात अभिमानाने सांगतो. पण एक गोष्ट सांगायची विसरतो. ते कंपनीत होते. एकदा घेतलं की घेतलं. बिऱ्हाड कंपनीचं, जेवण कंपनीचं, तालीम रोजची, आज एका गावात तर महिन्याने दुसऱ्या. भांडणं होती, कर्ज होती, कंपन्या बुडत होत्या, ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणत नाही. पण रोज सकाळी उठून नव्या दारात "मला घ्या" म्हणायला नटाला जावं लागत नव्हतं. आजच्या मुलीला कंपनी नाही, रोजची तालीम नाही, आणि त्या सगळ्याच्या बदल्यात आपण तिला एक इंग्रजी शब्द देतो.

हे आता आपल्या गावांवर येतं, आणि इथे काही लोक रागावणार.

इंदूरला सानंद आहे, आपल्याला तिचा अभिमान आहे, मलाही आहे. मुंबई-पुण्याचं नाटक येतं, वेगवेगळ्या सभासद गटांसाठी त्याचे प्रयोगामागून प्रयोग होतात, आणि लोक वेळेवर येऊन बसतात. मी शाळेत असताना तिथे पाहिलेली नाटकं हेच माझं पहिलं शिक्षण. त्याविरुद्ध माझा एक शब्द नाही. पण याच इंदुरात बाबा डिके आणि राहुल बारपुते यांच्या पिढीने नाट्यभारतीत स्वतः उभं राहून नाटकं केली, संपादकाने वर्तमानपत्र सांभाळून तोंडाला रंग लावला. आणि आज? गावातल्या पोरांनी नाटक बसवलं की पहिला फोन येतो, "पास आहेत का गं चार?" मुंबईच्या नटाला बघायला सभासद होतात, स्वतःच्या गल्लीतल्या नटाला बघायला पास मागतात. आणि पास घेऊनही मध्यंतरात उठतात, कारण पोहे खायला जायचं असतं.

यात गोव्याच्या मंडळींना मी हात जोडते. तिथे देवळाच्या उत्सवात गावचीच माणसं नाटक करतात. दुकानदार राजा होतो, मास्तर खलनायक होतो, आणि गाव अर्धी रात्र त्यांना बघत बसतं. नाटक वाईट झालं तर दुसऱ्या दिवशी दुकानावर जाऊन तोंडावर सांगतं. कला अकादमीच्या स्पर्धेत ही मंडळी जीव तोडून उतरतात. तिथून मुंबईला आलेली मुलं मी पाहते. नॉट फिट ऐकलं की शिव्या घालतात, चहा पितात, आणि पुढच्या दाराला जातात. जत्रेला परत जायचं ठरलेलं असतं, भूमिका तिथे वाट बघत असते. त्यांना पॉझिटिव्ह राहायला कुणी शिकवलेलं नाही.

मला माहीत आहे उत्तर काय येणार. "पण गावातली नाटकं चांगली नसतात गं." नसतात, बरीचशी. कशी असणार? व्यावसायिक नाटक शंभर प्रयोगांत रुळतं. पंचविसाव्या प्रयोगाला नटाला कळतं की हशा कुठे आहे. आपल्याकडचं नाटक तीन महिने तालमी करून स्पर्धेपुरता एक प्रयोग करतं आणि मरतं. दुसऱ्या प्रयोगाला हॉलचं भाडं निघत नाही. पहिल्याच घाण्याच्या जिलबीवरून हलवाई कसा आहे हे ठरवायचं का? सराफ्यात तरी आपण असं करत नाही.

दुसरं उत्तर असतं, "मग जायचंच कशाला? स्वतःच निवडलंत ना?" हो, निवडलं. कीव नको आहे. पाठीवरून हात फिरवून घ्यायला ही पोस्ट लिहिलेली नाही. वकिलाचा दावा फेटाळला गेला तर त्याला आपण ध्यान करायला सांगत नाही, फी मिळाली का विचारतो. डॉक्टरचं क्लिनिक चाललं नाही तर जागा बदल म्हणतो. नटाला तेवढंच द्या. धंद्याचं बोला. किती टेप पाठवल्यास, कुणाचे पैसे अडकलेत, या महिन्यात भाड्याला कमी पडतात का, समोरच्या ओळी वाचायला कुणी हवं का.

हे शेवटचं मी सहज नाही लिहिलं. आता निम्म्याहून जास्त ऑडिशन्स घरून टेप करून पाठवायच्या असतात, आणि समोरून बोलायला माणूस लागतं. माझे बाबा, वय ७६, बँकेतून निवृत्त, इंदुरातून फोनवर ओळी वाचतात. गुंडाची वाक्यं ते कर्जाचा अर्ज नाकारावा तशी वाचतात. पण वेळेवर वाचतात, आणि झाल्यावर "कसं झालं" विचारत नाहीत. विचारतात, "परत घ्यायचं का?" चौदा वर्षांत मला मिळालेली ही सगळ्यांत कामाची मदत आहे. ते कधीही पॉझिटिव्ह वगैरे काही म्हणाले नाहीत. बहुतेक तो शब्द त्यांना फक्त रक्ताच्या रिपोर्टवरून माहीत असावा.

तर मुद्द्याचं. इंदुरात आमचा सात जणांचा गट आहे. मी महिन्यातून एकदा अवंतिका एक्स्प्रेसने येते, बाकीचे तिथेच असतात. तालीम सध्या एका काकूंच्या गॅरेजमध्ये चालते. गाडी बाहेर काढायची, मग दुसरा अंक. पावसाळ्यात गाडी बाहेर काढायला काका तयार नसतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. आपल्या समाजाच्या इमारतींत हॉल आहेत. लग्न-मुंजीचे दिवस सोडले तर मंगळवार-बुधवारी दुपारी तिथे खुर्च्या एकावर एक रचून कुलूप असतं. कार्यकारिणीतले बरेच जण हे वाचत असतील. दुपारी दोन ते पाच, पंखे चार, माईक नको. भाडं आम्ही देऊ, पावती तुम्ही द्या. प्रयोग बसला की तिकीट लावणार आहोत, पास छापणार नाही.